एल्फिन्स्टनसाहेब

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात पाटणकर बाजार आहे. तेथे रोज बाजारहाट करणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या मनात येत असेल की ह्या नावात सातारा जिल्ह्यातील पाटण दडलेले आहे. माणसे गाव सोडून शेकडो कोस दूर जातात, पिढ्या उलटतात, बोलण्याला हिंदीचे वळण लागते. आडनाव मात्र गावाची खूण सोडीत नाही. मराठी माणसाला ह्यात काही नवल वाटत नाही. परंतु दूर स्कॉटलंडातही हीच रीत होती हे आपल्यापैकी पुष्कळांच्या ध्यानात नसते. एडिंबरो शहराच्या पूर्वेस ईस्ट लोदियन नावाचा परगणा आहे. त्यात एल्फिन्स्टन नावाचे एक लहानसे खेडे आहे. त्या खेड्याच्या जमिनीवरून एका घराण्यास एल्फिन्स्टन हे आडनाव पडले. आपल्या पद्धतीने म्हणायचे तर ते एल्फिन्स्टनकर.

विल्सन, मिचेल, स्टीव्हन्सन ही स्कॉच आडनावे मिशनच्या इतिहासामुळे आपल्या मंडळ्यांना घरच्यासारखी वाटतात, आणि त्या देशात ती उदंड आहेत. एल्फिन्स्टन हे आडनाव तेथेही विरळा. तरी आपल्या इकडच्या इतिहासात ते इतक्या ठिकाणी भेटते की हा एल्फिन्स्टन कोणता आणि तो कोणता, असा वाचणाऱ्याचा गोंधळ होतो. म्हणून आधी तो गोंधळ मिटवू आणि मग आमच्या मुख्य विषयाकडे वळू.

ह्या आडनावाचा सर्वांत जुना थोर पुरुष म्हणजे बिशप विल्यम एल्फिन्स्टन. त्याचा काळ १४३१ ते १५१४. म्हणजे ल्यूथरच्या सुधारणेपूर्वीचा हा मनुष्य. तो ॲबरडीनचा बिशप होता व राजाचा मंत्रीही होता. १४९५ साली पोपची परवानगी आणवून त्याने ॲबरडीनचे विद्यापीठ स्थापिले, आणि स्कॉटलंडात पहिला छापखाना सुरू झाला तोही त्याच्या प्रोत्साहनाने. दुसरा म्हणजे दर्यावर्दी सेनापती जॉर्ज कीथ एल्फिन्स्टन. ह्याने १७९५ साली आफ्रिकेच्या टोकावरील केप वसाहत डच लोकांकडून घेतली, आणि १८१५ साली पराभूत नेपोलियनला सेंट हेलेना बेटावर धाडण्याचे कामही त्याच्याच देखरेखीखाली झाले. तिसरा जनरल विल्यम एल्फिन्स्टन. १८४२ च्या जानेवारीत काबूलहून माघार घेणारे इंग्रजांचे सबंध सैन्य बर्फात व डोंगरखिंडींत नाश पावले, त्या सैन्याचा हा दुर्दैवी सेनापती. शिपाई व बाजारबुणगे मिळून सुमारे सोळा हजार माणसे निघाली होती. जनरल स्वतः कैदेत पडला आणि एप्रिलमध्ये कैदेतच मेला. चौथा लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन. हा आधी मद्रासचा आणि मग १८५३ पासून १८६० पर्यंत मुंबईचा गव्हर्नर होता. मुंबईच्या एल्फिन्स्टन सर्कलला, ज्याला स्वातंत्र्यानंतर हॉर्निमन सर्कल म्हणू लागले, त्याचे नाव होते. एल्फिन्स्टन रोड रेल्वे स्टेशनही त्याच्याच नावाचे; २०१८ साली त्याचे प्रभादेवी असे नामांतर झाले.

आम्हांला ज्याचे चरित्र सांगायचे आहे तो ह्यांपैकी कोणी नव्हे. तो मौंटस्ट्युअर्ट एल्फिन्स्टन. दर्यावर्दी सेनापती त्याचा चुलता, काबूलचा जनरल त्याचा चुलतभाऊ, आणि मुंबईचा दुसरा एल्फिन्स्टन गव्हर्नर त्याचा सख्खा पुतण्या. पेशवाई बुडाली तेव्हा पुण्यास इंग्रजांच्या वतीने जो मनुष्य होता तो हाच, आणि मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज हे ह्याच्याच नावाने उभे आहे.

मौंटस्ट्युअर्टचा जन्म ६ ऑक्टोबर १७७९ रोजी स्कॉटलंडात झाला. बाप अकरावा लॉर्ड एल्फिन्स्टन. पण हा चौथा मुलगा असल्यामुळे जहागीर वाट्यास येण्याचा संभव नव्हता. बापाकडे एडिंबरोच्या किल्ल्याची गव्हर्नरी होती. त्या किल्ल्यात फ्रेंच कैदी ठेवलेले असत. त्यांच्यात मिसळून हा पोरगा त्यांच्या राज्यक्रांतीची गाणी शिकला आणि केस वाढवून हिंडू लागला. शाळेत फारसा चमकला नाही. एक चुलता ईस्ट इंडिया कंपनीच्या डायरेक्टरांत होता, त्याच्या वशिल्याने कंपनीची चाकरी मिळाली आणि १७९६ च्या आरंभी तो कलकत्त्यास उतरला. वय सोळा.

पहिली नेमणूक काशीस. तेथे १४ जानेवारी १७९९ रोजी अयोध्येचा पदच्युत नबाब वजीर अली ह्याने इंग्रज अधिकाऱ्यांवर अचानक घाला घातला. कित्येक जण ठार झाले. मॅजिस्ट्रेट डेव्हिस ह्याने एक भाला घेऊन घराच्या जिन्यावर एकट्याने वाट अडवून धरली व बायकामुलांचे प्राण राखले. एल्फिन्स्टन घोड्यावरून निसटला म्हणून वाचला. अशा प्रसंगातून गेलेला एकोणीस वर्षांचा मुलगा ह्या देशातील लोकांविषयी कायमचा मन कडू करून घेता तर कोणी दोष दिला नसता. तसे झाले नाही.

पुढे त्याला पुण्याच्या रेसिडेन्सीत मदतनीस नेमले. कलकत्त्याहून पुण्यापर्यंतच्या प्रवासास जवळजवळ एक वर्ष लागले, आणि ते सारे वर्ष त्याने वाटेत वाचनात घालविले. शाळेतला ढिला मुलगा आता स्वतःच स्वतःचा मास्तर झाला होता. पहाटे उठून तो ग्रीक व फारसी ग्रंथ वाची. ही सवय लढाईच्या छावणीतही त्याने मोडू दिली नाही. १८०३ साली इंग्रज व मराठे ह्यांचे युद्ध जुंपले तेव्हा तो जनरल वेलस्ली ह्याच्याबरोबर होता. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. असई, अडगाव व गाविलगड ह्या तिन्ही ठिकाणी एल्फिन्स्टन हजर होता. त्याचे धैर्य पाहून वेलस्लीने त्याला म्हटले की तू चुकून मुलकी नोकरीत आलास, तू तर शिपाई व्हावयाचास.

असईच्या रणात समोर होते ते दौलतराव शिंदे व नागपूरकर भोसले. ह्याच दोन दरबारी एल्फिन्स्टनने पुढे कंपनीचा वकील म्हणून काम केले. १८०४ साली, पंचविशीत, तो नागपूरला रेसिडेंट झाला. आणि १८०७ साली काही काळ तो शिंद्यांच्या दरबारी होता. त्या वेळी शिंद्यांचे लष्कर अजून फिरते होते. १८१० साली दौलतरावांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी कायमचा तळ दिला आणि तळाचेच शहर झाले. लष्कर हे नाव तेव्हापासूनचे. म्हणजे ज्या छावणीतून ग्वाल्हेरचे हे बाजार, वाडे आणि मराठी मोहल्ले उभे राहिले, ती छावणी ह्या मनुष्याने तंबूंच्या रूपात पाहिली होती. काल ज्यांच्याशी तलवारीने लढाई दिली त्यांच्या घरी आज पाहुणा म्हणून बसायचे, त्यांची भाषा, त्यांचे मानपान, त्यांचे रुसवेफुगवे जाणून घ्यायचे, हे काम सोपे नाही. मराठी माणसाची जी पारख पुढे त्याच्या लिखाणात दिसते तिची मुळे ह्या वर्षांत आहेत असे आम्हांस वाटते.

१८०८ साली त्याला अफगाणिस्तानच्या शाह शुजाकडे वकील म्हणून धाडले. काबूलपर्यंत तो पोहोचलाच नाही; १८०९ साली पेशावरला शहाची भेट झाली, तह झाला, आणि थोड्याच दिवसांत शहा गादीवरून उडाला. तहाचा उपयोग शून्य. परंतु त्या मुक्कामात एल्फिन्स्टनने पठाणांच्या टोळ्या, त्यांच्या जमिनी, त्यांची पंचायत, त्यांचे आदरातिथ्य ह्यांविषयी इतकी माहिती जमविली की १८१५ साली निघालेला त्याचा काबूलच्या राज्यावरील ग्रंथ पुढे कित्येक पिढ्या त्या विषयावरचा आधारग्रंथ ठरला. तीस वर्षांनी इंग्रजांनी त्याच शाह शुजाला बळाने गादीवर बसविण्याचा घाट घातला तेव्हा म्हाताऱ्या एल्फिन्स्टनने बजाविले होते की बसविता येईल, टिकविता येणार नाही. ऐकले कोणी नाही. त्याचे फळ त्याच्याच चुलतभावाच्या पदरी पडले, ते वर सांगितलेच आहे.

आता आमच्या वाचकांना विशेष आवडेल अशी एक हकीकत. पुण्याच्या रेसिडेंटाची जागा मिळाल्यावर १८११ च्या जानेवारीत एल्फिन्स्टन कलकत्त्याहून जहाजाने मुंबईस निघाला. त्याच जहाजावर हेन्री मार्टिन होता. होय, तोच मार्टिन, ज्याने नव्या कराराचे उर्दू व फारसी भाषांतर केले आणि जो क्षयाने पोखरलेल्या देहाने इराणला निघाला होता. दोघे जवळजवळ एका वयाचे, दोघांनाही भाषांचे वेड. सिलोनला दालचिनीच्या बागा त्यांनी बरोबर पाहिल्या आणि गोव्यास संत झेव्हियरची समाधीही बरोबर पाहिली. धर्माच्या बाबतीत त्यांचे पटण्यासारखे नव्हते. एक पेटलेला मिशनरी, दुसरा धर्माविषयी फार न बोलणारा सरकारी मनुष्य. तरी एल्फिन्स्टनला तो विद्वान आणि हसतमुख सोबती मनापासून आवडला. मिशनरी म्हणजे सदा लांब चेहऱ्याचा असावा अशी त्याची समजूत असल्यास ती त्या जहाजावर नाहीशी झाली असावी. पुढच्या वर्षी, १६ ऑक्टोबर १८१२ रोजी, मार्टिन तुर्कस्तानातील तोकात येथे परक्यांत मरण पावला. एकतीस वर्षांचा होता.

पुण्यातील पुढील सात वर्षांचा इतिहास मराठी वाचकांस ठाऊक आहे, म्हणून तो आम्ही लांबवीत नाही. दुसरा बाजीराव पेशवा, त्याचा लाडका त्रिंबकजी डेंगळे, गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन ह्यांचा १८१५ च्या जुलैत पंढरपुरास झालेला खून, त्रिंबकजीचे ठाण्याच्या तुरुंगातून पलायन, आणि शेवटी ५ नोव्हेंबर १८१७ ची खडकीची लढाई. त्या दिवशी मुळामुठेच्या संगमावरील रेसिडेन्सी जाळण्यात आली. एल्फिन्स्टन व त्याची माणसे सैन्याकडे पोहोचली, पण त्याचा ग्रंथसंग्रह, टिपणे, हस्तलिखिते सर्व राख झाली. ज्याने वीस वर्षे तंबूतंबूत पुस्तके सांभाळली त्याला हा घाव केवढा असेल! १७ नोव्हेंबरला पुणे इंग्रजांच्या हाती आले. पुढल्या जूनमध्ये बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला आणि पेशवाई संपली.

एल्फिन्स्टन आता जिंकलेल्या मुलखाचा कमिशनर झाला. त्याची खरी कसोटी येथे लागली. तलवारीच्या जोरावर मिळालेल्या मुलखात तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे काय होई हे सर्वांना माहीत आहे. एल्फिन्स्टनने ११ फेब्रुवारी १८१८ रोजी साताऱ्यास जाहीरनामा काढून धर्म, वतने व इनामे ह्यांना धक्का लागणार नाही असे अभिवचन दिले आणि बहुतांशी ते पाळले. छत्रपती प्रतापसिंहांना साताऱ्याच्या गादीवर बसविले. जहागीरदारांच्या जमिनी राखल्या. पाटील, कुळकर्णी आणि गावची पंचायत ही जुनी व्यवस्था मोडून इंग्रजी कोर्टकचेऱ्या एकदम आणू नयेत असे त्याचे मत होते. जिंकलेल्या मुलखाविषयी त्याने १८१९ साली लिहिलेला अहवाल आजही अभ्यासक वाचतात. त्यात गावगाड्याचे वर्णन एका परक्या मनुष्याने केले आहे हे सांगितल्याशिवाय कळू नये इतके ते बारकाईचे आहे.

परंतु हा मनुष्य केवळ मऊ होता असे समजू नये. पुण्यात इंग्रजांना मारून बाजीरावास परत आणण्याचा कट उघडकीस आला तेव्हा त्याने पुढाऱ्यांना तोफेच्या तोंडी दिले. त्यांत काही ब्राह्मण होते. त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर नेपियन ह्यांनी त्याला सुचविले की ह्या कृत्याबद्दल सरकारकडून माफीचा कायदा करून घ्यावा. त्याने नाकारले, चूक केली असेल तर शिक्षा व्हावी, बरोबर असेल तर माफी कशाची, असा त्याचा रोख होता. आम्ही ह्याचे समर्थन करीत नाही. जे घडले ते सांगितले पाहिजे म्हणून सांगतो.

१ नोव्हेंबर १८१९ रोजी एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर झाला आणि आठ वर्षे त्या जागी राहिला. त्याच्या कारकीर्दीत मुंबई इलाख्याचे कायदे एकत्र करून १८२७ साली छापण्यात आले. त्यांना एल्फिन्स्टन कोड म्हणत. पण त्याचे मन होते शाळांत. पेशवे दर वर्षी श्रावणात ब्राह्मणांना जी दक्षिणा वाटीत ती एकदम बंद न करता त्याने पन्नास हजार रुपये राखून ठेवले आणि त्यांतील भाग विद्येकडे वळविला. ६ ऑक्टोबर १८२१ रोजी पुण्यास विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. आजच्या डेक्कन कॉलेजचा उगम हाच. मुंबईस १८२२ साली शाळापुस्तक मंडळी स्थापन झाली आणि गव्हर्नर स्वतः तिचा अध्यक्ष झाला. कॅप्टन जर्व्हिस हा चिटणीस. सदाशिव काशीनाथ छत्रे हे एतद्देशीय चिटणीस. गणित, भूगोल, व्याकरण, मुलांसाठी गोष्टी अशी मराठी पुस्तके ह्या मंडळीने तयार करविली. त्यापूर्वी शाळेत छापील मराठी पुस्तक हाती घेऊन बसलेले मूल महाराष्ट्रात शोधूनच काढावे लागले असते. आमच्या शब्बाथशाळेच्या शिक्षकांना, ज्यांच्या हाती धड्यांची छापील पुस्तके आयती येतात, ह्या गोष्टीचे मोल चटकन कळणार नाही.

ब्रिग्ज नावाचा लष्करी अधिकारी एक आठवण सांगत असे. एल्फिन्स्टनच्या तंबूच्या कोपऱ्यात त्याला छापील मराठी पुस्तकांचा ढीग दिसला. हे कशासाठी, असे विचारता एल्फिन्स्टनने सांगितले की लोकांना शिकविण्यासाठी, आणि आपल्याला परत युरोपला धाडणारा रस्ताही हाच. लोक शिकले म्हणजे आपले राज्य राहणार नाही, हे उमजूनही तो पुस्तके छापवीत होता. त्या काळच्या इंग्रज अंमलदारांत असे किती होते?

येथपर्यंत वाचकांना हा मनुष्य आवडला असेल. आम्हांलाही आवडतो. आता जे सांगायचे आहे ते आपल्या मंडळ्यांच्या जिव्हाळ्याचे आहे, आणि ते गोड नाही.

१८२३ च्या डिसेंबरात एल्फिन्स्टनने शिक्षणाविषयी एक मोठे टिपण लिहिले. शाळा वाढवाव्या, चांगले पंतोजी तयार करावे, पुस्तके स्वस्त द्यावी, परीक्षा घेऊन बक्षिसे द्यावी, अशा शहाणपणाच्या सूचना त्यात आहेत. पण सरकारी शाळांत ख्रिस्ती धर्म आणू नये असा त्याचा आग्रह होता, कारण धर्म आला की लोक बिचकतील आणि शाळाच ओस पडतील. इथवर मतभेद समजण्यासारखा आहे. त्याच टिपणात पुढे तो म्हणतो की मिशनऱ्यांना सर्वांत चांगले विद्यार्थी खालच्या गणलेल्या जातींत मिळतात हे खरे. परंतु सरकारने त्या जातींना विशेष उत्तेजन देताना फार जपावे. त्यांचा समाजात सर्वाधिक तिरस्कार होतो आणि त्यांची संख्याही थोडी. विद्या आधी त्यांच्यात रुजली तर वरच्या जाती तिच्याकडे पाठ फिरवतील आणि ती पुढे कधी पसरणारच नाही.

ह्या परिच्छेदाशी आम्ही पुन्हा पुन्हा अडलो. लिहिणारा दुष्ट नव्हता. त्याला जातीचा अभिमान असण्याचे कारणच नव्हते. बुद्धी त्या मुलांतही आहे, किंबहुना अधिक आहे, हे मिशनऱ्यांच्या अनुभवावरून त्याला मान्य होते. तरी राज्य नवे आहे, पुण्याचे वजनदार लोक दुखावता कामा नयेत, ह्या हिशेबात ती मुले वजा झाली. जी सावधगिरी त्याने जहागीरदारांच्या इनामांसाठी वापरली तीच येथे वापरली. तिकडे तिने कोणाचे तरी रक्षण केले, इकडे दार लोटून घेतले. महार, मांग व चांभार ह्या समाजांतून आपल्या मंडळ्यांत आलेली घराणी थोडी नाहीत. त्यांच्या पणजोबांच्या पिढीचा हा प्रश्न होता.

मिशनऱ्यांशी त्याचे वागणे ह्याच धोरणाचे. अमेरिकन मिशनरी त्याच्या आधीपासून मुंबईत होते. त्यांच्या शाळा व छापखाना चालू राहिला, आणि मराठी नवा करार १८२६ साली त्यांच्या छापखान्यातून बाहेर पडला तो ह्याच गव्हर्नराच्या कारकीर्दीत. १८२३ साली स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे पहिले मिशनरी डोनाल्ड मिचेल आले. पुण्यास जाण्याचा बेत होता. नव्याने जिंकलेला मुलूख म्हणून सरकारने मना केली. म्हणून काम सुरू झाले ते कोकणात बाणकोटास, आणि डोनाल्ड मिचेल त्याच वर्षी वारले. स्कॉच मनुष्याने स्कॉच मिशनला अडविले ह्याचा पुष्कळांना राग होता. एल्फिन्स्टन नास्तिक आहे अशी कुजबुजही चाले. १८२५ साली कलकत्त्याचे बिशप हेबर मुंबईस येऊन त्याच्याकडे उतरले. हेबर म्हणजे आपण ज्यांची गीते उपासनेत गातो ते. जवळून पाहिल्यावर त्यांनी आपल्या प्रवासवृत्तात हा आरोप खोडून काढला व त्याच्या सद्गुणांची मोठी वाखाणणी केली. बिशपसाहेब भिडेखातर लिहिणारे नव्हते, म्हणून त्यांची साक्ष आम्ही मानतो. पण सद्गुणी मनुष्याच्या हातूनही ते टिपण लिहिले गेले.

१८२७ च्या नोव्हेंबरात एल्फिन्स्टनने हिंदुस्थान सोडला. मुंबईच्या लोकांनी, ज्यांत हिंदू, पारशी, मुसलमान सर्व होते, दोन लाखांहून अधिक रुपये वर्गणी जमविली. त्या पैशातून त्याच्या नावाने प्रोफेसर नेमावयाचे ठरले. १८३५ साली ऑर्लेबार व हार्कनेस हे पहिले दोन प्रोफेसर येऊन पोहोचले. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन ती हीच. पुढे तिचेच हायस्कूल व कॉलेज झाले. दादाभाई नौरोजी येथे शिकले आणि येथेच प्रोफेसर झाले. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर ह्यांची जडणघडणही येथली. बिशप एल्फिन्स्टनने १४९५ साली ॲबरडीनला जे केले त्याची ह्या मनुष्याला आठवण होती की नाही कोण जाणे. पण त्या विरळ आडनावाने दोन देशांत विद्यापीठी शिक्षणाची जागा धरली खरी.

गव्हर्नरी सोडली तेव्हा तो अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. ग्रीस, इटली हिंडत तो १८२९ साली इंग्लंडला परतला. गव्हर्नर जनरलच्या जागेविषयी त्याला दोन वेळा विचारणा झाली. त्याने प्रकृतीचे कारण सांगून दोन्ही वेळा नाही म्हटले. लग्न त्याने केले नव्हते. सरे परगण्यात लिंप्सफील्डजवळ हुकवूड येथे घर घेऊन तो पुस्तकांत राहिला. १८४१ साली त्याचा हिंदुस्थानचा इतिहास निघाला. तो पुढे बरीच वर्षे आपल्याकडील कॉलेजांतून शिकविला जात असे. डोळे अधू झाले, तब्येत खालावली, तरी हिंदुस्थानच्या कारभाराविषयी सल्ला विचारणारांची पत्रे येत राहिली. २० नोव्हेंबर १८५९ रोजी तो वारला. मुंबईच्या टाउन हॉलमध्ये शिल्पकार चँट्री ह्याने घडविलेला त्याचा संगमरवरी पुतळा आहे.

त्याच्या टिपणाचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. १८३० नंतर स्कॉटिश मिशनला पुण्यात जागा मिळाली. त्यांच्या शाळेत १८४१ सालापासून एक माळ्याचा मुलगा शिकू लागला. जोतीराव फुले त्याचे नाव, आणि एल्फिन्स्टनने मुंबई सोडली त्याच १८२७ साली त्याचा जन्म झालेला. मिशनच्या शाळांत जात विचारून दार उघडत नसत. सरकारी शाळांत मात्र वरच्यांना आधी शिकवावे, मग विद्या खाली झिरपेल, हे धोरण चालू राहिले. १८८२ साली शिक्षण कमिशनपुढे जोतीरावांनी ह्याच धोरणावर कोरडे ओढले.

दरम्यान धारवाडास एक प्रकरण झाले. १८५६ च्या जूनमध्ये तेथील एका महार मुलाने सरकारी शाळेत घेण्याविषयी अर्ज केला. फी देण्याची त्याची तयारी होती. मुंबई सरकारने अर्ज नाकारला. एका मुलासाठी बाकीची सारी शाळा रिकामी होईल, असे कारण दिले. गव्हर्नर होता लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन, म्हणजे मौंटस्ट्युअर्टचा पुतण्या. चुलता तेव्हा सरे परगण्यात हयात होता. कलकत्त्याहून हरकत आली, आणि १८५८ साली विलायतेहून ठरून आले की सरकारी शाळा सर्व जातींना खुल्या आहेत. ठरून आले; गावोगावच्या शाळांच्या ओटीवर ते उतरायला किती वर्षे गेली हे आपल्या वडीलधाऱ्यांना विचारावे.

१९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कूलमधून एक महार विद्यार्थी मॅट्रिक झाला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दिलेल्या दरमहा पंचवीस रुपयांच्या शिष्यवृत्तीवर तो एल्फिन्स्टन कॉलेजात गेला आणि १९१२ साली बी. ए. झाला. ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९२८ च्या मे महिन्यात सायमन कमिशनसाठी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने त्यांनी मुंबई इलाख्यातील अस्पृश्यांच्या शिक्षणाविषयी एक निवेदन सादर केले. सरकारी दप्तरांतून पुरावा काढून त्यांनी ते रचले आहे. त्यात मौंटस्ट्युअर्ट एल्फिन्स्टनच्या टिपणातील तो इशारा आहे, आणि धारवाडच्या मुलाची हकीकतही आहे.